बिलाची पोच

१९९४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी माझा छोटा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या काही केसेस आणि एक जुळारी, एवढाच पसारा. गावातल्या एका सरकारी कार्यालयाने नोंदवह्या आणि छापील नमुन्यांचे काम दिले. मार्चअखेर अनुदान संपवायचे होते, म्हणून घाई होती. माल वेळेत पोचवला, चलनावर सही घेतली, तीन प्रतींत बिल दिले. मे महिन्यात चौकशीला गेलो, तेव्हा लेखा शाखेतले कारकून शांतपणे म्हणाले, "बिल? आमच्याकडे आलेलंच नाही."

मी माझी प्रत पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "यावर आमचा आवक शिक्का कुठंय?"

शिक्का नव्हता. मी बिल द्यायला गेलो तेव्हा बारनिशीतले गृहस्थ जेवायला गेले होते आणि मी ते त्यांच्या टेबलावर ठेवून आलो होतो. दुसरे बिल केले. ते महिन्याने परत आले, कारण त्यात कार्यादेशाचा दिनांक नव्हता. तो घातला, तर चलनाची मूळ प्रत हवी होती. ती दिली, तर नमुन्यातला दाखला राहिला होता. दर खेपेला त्रुटी एकच निघायची, आणि ती दूर झाल्यावर दुसरी. पैसे हातात आले तेव्हा पुढचा पावसाळा सुरू झाला होता. त्या दिरंगाईने छापखाना बुडाला असे मी म्हणणार नाही. ऑफसेट आल्यावर तो तसाही टिकला नसता. पण त्या वर्षी मी जुळाऱ्याला चार महिने अर्धा पगार दिला, आणि तो मुंबईला निघून गेला.

छापखाना बंद झाल्यावर मी लहान व्यापाऱ्यांच्या वह्या लिहू लागलो, विवरणपत्रे भरू लागलो. त्यातूनच बिलाच्या इतिहासाचा नाद लागला. नाण्यांवर, हुंड्यांवर, बँकांवर पुस्तके आहेत. बिलावर फारसे कोणी लिहीत नाही. सरकारला द्यायचे बिल कागदावरून संगणकावर कसे गेले, ते मी जमेल तसे वाचत आलो. या वाचनात माझा प्रश्न कायम तोच राहिला : बिल पोचले, हे ठरवायचे कोणी?

चिरलेली काठी

राजाकडून येणे वसूल करणाऱ्याची ही अडचण जुनी आहे. इंग्लंडच्या राजकोषात बाराव्या शतकापासून हिशेबासाठी लाकडी काठ्या वापरत. रकमेप्रमाणे काठीवर लहानमोठ्या खाचा पाडायच्या आणि मग ती उभी चिरायची. एक तुकडा ज्याचे येणे आहे त्याच्याकडे, दुसरा ज्याचे देणे आहे त्याच्याकडे. वाद झाला की दोन तुकडे जुळवून पाहायचे. लाकडाचे रेषे आणि खाचा जुळल्या की हिशेब खरा. एकट्याने खाच वाढवता येत नसे, कमी करता येत नसे, आणि काठी मिळालीच नाही असेही म्हणता येत नसे. ही पद्धत १८२६ साली बंद झाली. आठ वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८३४ रोजी, साठलेल्या जुन्या काठ्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्टीत जाळायला घेतल्या, आणि त्या आगीत ब्रिटिश संसदेची इमारत भस्मसात झाली.

ही आगीची कथा सगळे रंगवून सांगतात. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. काठीमध्ये दोन्ही पक्षांकडे सारखाच पुरावा होता. कागद आल्यावर ही बरोबरी मोडली. बिल लिहितो विक्रेता, पण ते पोचल्याची नोंद होते कार्यालयाच्या आवक रजिस्टरमध्ये, आणि ते रजिस्टर असते कार्यालयाच्याच ताब्यात. ज्याला पैसे द्यायचे आहेत, तोच बिल आल्याची तारीख लिहिणार. माझे बिल या फटीत हरवले होते.

बर्लिनचे आकाश

इलेक्ट्रॉनिक बिलाच्या इतिहासाचा आरंभ मात्र एका वेढ्यापासून सांगतात. जून १९४८ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक लोकांना कोळसा, पीठ, दूध सारे विमानाने पुरवायचे ठरले. सप्टेंबर १९४९ पर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि सुमारे २३ लाख टन माल उतरला. विमाने मिळत होती, माल मिळत होता. घोटाळा कागदांत होत होता. मालाच्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांत, वेगवेगळ्या भाषांत यायच्या, प्रतींची संख्याही वेगळी. एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकी सैनिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांसाठी एकच नमुना ठरवला. तो असा होता, की टेलेक्सवरून, रेडिओवरून किंवा नुसत्या टेलिफोनवर वाचून दाखवला तरी पलीकडच्या माणसाला कोणत्या जागी काय लिहायचे ते कळावे.

पुढे हाच गिल्बर्ट ड्युपाँट या रसायन कंपनीत गेला आणि साठच्या दशकात मालवाहतुकीची माहिती कंपन्यांमध्ये संदेशांच्या रूपाने धाडण्याच्या कामाला लागला. १९६८ साली अमेरिकेतल्या वाहतूक व्यवसायाने यासाठी एक समन्वय समिती स्थापन केली आणि १९७५ मध्ये तिने पहिली प्रमाणे प्रसिद्ध केली. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेली 'एडिफॅक्ट' ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात बिलासाठी स्वतंत्र संदेश होता.

इथे 'प्रमाणित' या शब्दाचा अर्थ सांगायला हवा. बिलाचे छायाचित्र काढून ते ईमेलने पाठवले, तर ते इलेक्ट्रॉनिक बिल होत नाही. ते पाहून कोणीतरी आकडे पुन्हा टंकित करतोच. ०५-०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? 'एकूण' म्हणजे करासह की कराशिवाय? माणूस संदर्भाने ओळखतो, यंत्राला आधी सांगावे लागते. प्रमाणित बिल म्हणजे प्रत्येक माहितीला ठरलेले नाव, ठरलेली जागा आणि ठरलेला अर्थ.

एडिफॅक्टने हे साधले, पण ते मोठ्यांचे साधन राहिले. त्यासाठी खास संदेशजाळ्याचे सभासद व्हावे लागे आणि प्रत्येक मोठ्या ग्राहकाशी जोडणी स्वतंत्र करावी लागे. मोटारींचे कारखाने आणि मोठी दुकाने ती करत आणि आपल्या पुरवठादारांना करायला लावत. शाळेला फळे पुरवणाऱ्याला किंवा नळ दुरुस्त करणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. सरकारला बिले देणाऱ्यांत मात्र अशाच लोकांची गर्दी असते.

डेन्मार्क : कार्यालयाचा पत्ता

फेब्रुवारी १९९८ मध्ये 'एक्सएमएल' ही माहिती लिहिण्याची खुली पद्धत जाहीर झाली. ती घडवणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन बोसाक यांनीच पुढे व्यापारी कागदपत्रांसाठी एक समाईक भाषा बांधण्याच्या कामाचे नेतृत्व केले. 'यूबीएल' हे तिचे नाव. कोणीही वापरावी, त्यासाठी शुल्क नाही. २००४ च्या अखेरीस तिची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. पण डेन्मार्क तेवढेही थांबले नाही. सुमारे ५४ लाख लोकवस्तीच्या या देशाने यूबीएलचा कच्चा मसुदाच उचलला, त्याला आपल्या गरजेप्रमाणे मुरड घातली आणि २००३ च्या अखेरीस केलेल्या कायद्यानुसार १ फेब्रुवारी २००५ पासून सगळ्या सार्वजनिक कार्यालयांना बिले फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात घ्यायला लावली. बिलांची संख्या वर्षाला दीड कोटीच्या घरात होती.

डेन्मार्कचा हेतू सरळ होता : कारकुनांचे पुन्हा पुन्हा टंकन वाचवायचे. पण ते करताना त्यांनी केलेल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली, ज्यांच्याकडे संगणक नाही अशांना वाऱ्यावर सोडले नाही. त्यांनी कागदी बिल ठरलेल्या स्कॅनिंग केंद्राकडे धाडायचे आणि केंद्राने ते प्रमाणित रूपात बदलून कार्यालयाला पाठवायचे, अशी सोय केली. दुसरी, प्रत्येक शाळेला, रुग्णालयाच्या विभागाला, पालिकेच्या शाखेला १३ अंकी ईएएन क्रमांक दिला. दुकानातल्या वस्तूंवरच्या पट्टीसंकेताच्या घराण्यातलाच हा क्रमांक. बिलावर तो हवाच.

वरवर ही क्षुल्लक तांत्रिक बाब दिसते. पण ज्याने सरकारी कार्यालयात बिल दिले आहे, त्याला तिचे महत्त्व लगेच कळेल. "हे आमच्या टेबलाचं नाही, पलीकडच्या शाखेत विचारा," या वाक्याची जागा त्या क्रमांकाने घेतली. देणे नेमके कोणाचे, ते बिलाच्या कपाळावर लिहिले गेले.

डेन्मार्कचा अनुभव शेजाऱ्यांनी पाहिला. २००८ मध्ये युरोपीय देशांनी 'पेपोल' हा संयुक्त प्रकल्प सुरू केला. विक्रेता आपल्या सेवादाराला बिल देतो, तो खरेदीदाराच्या सेवादाराला, आणि तिथून ते कार्यालयात जाते. टपाल खात्यासारखीच ही रचना आहे. कोणत्याही पेटीत पत्र टाकले तरी पत्त्यावर जाते. प्रकल्प संपल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये ते जाळे चालवण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०१८ मध्ये सिंगापूरने युरोपाबाहेरून पहिल्यांदा ते स्वीकारले. दरम्यान, २०१४ साली युरोपीय संघाने निर्देश काढला, की ठरलेल्या प्रमाणातले इलेक्ट्रॉनिक बिल कोणत्याही सार्वजनिक खरेदीदाराने नाकारता कामा नये. केंद्रीय कार्यालयांना एप्रिल २०१९ ची मुदत होती. स्थानिक संस्थांना आणखी एक वर्ष देता येत होते.

इटली : पंधरा दिवस

डेन्मार्कची गोष्ट काटकसरीची, तर इटलीची थकबाकीची. तिथले सरकार पुरवठादारांचे पैसे थकवण्याबद्दल युरोपात बदनाम होते. २०१३ मध्ये जुनी देणी फेडण्यासाठी खास वटहुकूम काढून ४० अब्ज युरो मोकळे करावे लागले. नेमके किती देणे आहे, याचा सरकारलाच एकत्रित हिशेब लागत नव्हता, कारण बिले हजारो कार्यालयांच्या कपाटांत पडलेली.

इटलीने २००७ मध्येच कायद्यात तरतूद केली होती. अंमल सुरू झाला ६ जून २०१४ रोजी मंत्रालयांपासून, आणि ३१ मार्च २०१५ पासून सगळ्या सार्वजनिक संस्थांत. इथे पेपोलसारखे टपालजाळे नव्हते. प्रत्येक बिल सरकारच्या एकाच विनिमय केंद्रातून जायचे. केंद्र त्याची तपासणी करते, कार्यालयाच्या सहा अक्षरी संकेतावर पाठवते आणि पोचल्याची पावती विक्रेत्याला देते. यानंतर कार्यालयाला बिल स्वीकारायला किंवा नाकारायला १५ दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत ते गप्प राहिले, तर केंद्र दोन्ही बाजूंना मुदत संपल्याची सूचना धाडते. त्यानंतर त्या मार्गाने बिल परत करता येत नाही. बिलाची नोंद सरकारी देण्यांच्या समाईक नोंदवहीतही आपोआप होते. म्हणजे आवक रजिस्टर कार्यालयाच्या हातून काढून तिसऱ्याच्या हाती दिले. चिरलेल्या काठीचा दुसरा तुकडा विक्रेत्याला परत मिळाला.

तरी कार्यालयांनी वाट काढलीच. किरकोळ कारणे दाखवून बिले नाकारली जाऊ लागली, म्हणजे मुदतीचे घड्याळ पुन्हा शून्यावर. तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या अर्थ मंत्रालयाने नियम केला, आणि नोव्हेंबरपासून बिल नाकारण्याची कारणे फक्त पाच उरली. व्यवहार त्या कार्यालयाशी झालाच नसेल, कायद्याने आवश्यक असलेला प्रकल्पाचा किंवा निविदेचा संकेत नसेल, औषधाचा संकेत नसेल, अशी ती कारणे आहेत. जी चूक साध्या दुरुस्तीने मिटते, तिच्यासाठी बिल परत पाठवायचे नाही. हा नियम वाचताना मला माझा कार्यादेशाचा दिनांक, चलनाची मूळ प्रत आणि तो दाखला ओळीने आठवले.

यानेही सारे सुधारले नाही. युरोपात सार्वजनिक संस्थांनी साधारणपणे ३० दिवसांत, आणि आरोग्यसेवेसारख्या काही बाबतींत ६० दिवसांत पैसे द्यावेत असा दंडक आहे. तो पाळला जात नाही म्हणून २८ जानेवारी २०२० रोजी युरोपीय न्यायालयाने इटलीला दोषी ठरवले. इटलीत पैसे देण्याचा सरासरी काळ पुढे कमी होत गेला, पण तो कायद्याच्या चौकटीत आणायला बरीच वर्षे लागली. यंत्रणेने पैसे दिले नाहीत. उशीर मोजता येण्याजोगा केला, एवढेच. पण उशीर मोजता आला म्हणूनच त्यावर भांडता आले.

भारत : दोन हात

आता आपल्याकडे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. खोटी बिले करून कराची वजावट उकळण्याचे प्रकार वाढले, आणि २०१९ मध्ये जीएसटी परिषदेने ई-इन्व्हॉइसचा निर्णय केला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना तो सक्तीचा झाला. मग मर्यादा उतरत गेली : १००, ५०, २०, १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. विक्रेत्याने बिलाचा तपशील नोंदणी पोर्टलवर द्यायचा. काही क्षणांत ६४ अक्षरांचा अद्वितीय क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. ज्यांना नियम लागू आहे त्यांचे अशा क्रमांकाविना केलेले बिल कायद्याने बिलच मानले जात नाही. बिलाचा आराखडा बांधताना यूबीएल आणि पेपोलचाच आधार घेतला गेला. कुळ एकच, पण घरात आल्यावर काम निराळे दिले.

डेन्मार्कने विचारले, बिल स्वस्तात कसे हाताळायचे. इटलीने विचारले, सरकारचे देणे किती. आपण विचारले, व्यापाऱ्याचा कर किती. प्रश्न गैर नाही. करचोरी खरीच होती. पण उत्तरात सरकार हे खरेदीदार म्हणून जवळपास कुठेच नव्हते. सरकारी खात्याला माल विकला तर ई-इन्व्हॉइस लागते का, याविषयीही संभ्रम होता. ज्या खात्यांनी केवळ करकपातीसाठी जीएसटी नोंदणी घेतली आहे, त्यांना दिलेल्या मालाचेही ई-इन्व्हॉइस करावे लागेल, हे जुलै २०२३ च्या परिपत्रकाने स्पष्ट झाले.

मी ज्यांचे काम पाहतो त्यांपैकी एक गृहस्थ कार्यालयांना फर्निचर पुरवतात. उलाढाल ५ कोटींच्या थोडी वर. त्यांचे बिल सकाळी नोंदवले की क्षणात सरकारला कळते. पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यावरचा कर भरावा लागतो. ज्या कार्यालयाला माल दिला, त्याने पैसे दिले आहेत की नाहीत, हे कोणी विचारत नाही. नोंदणी पोर्टलवरचे ते बिल लेखा शाखेच्या टेबलावर आपोआप जात नाही. तिकडे छापून, सही-शिक्क्यानिशी वेगळे न्यावे लागते. सरकारचा एक हात बिल क्षणात घेतो. दुसरा म्हणतो, आलेलेच नाही. मधल्या काळात कराची रक्कम हे गृहस्थ कर्ज काढून भरतात.

याची सर्वांत खटकणारी बाजू मला अलीकडे लक्षात आली. इटलीने ज्या १५ दिवसांचे घड्याळ लावले, ते आपल्या कायद्यात आधीच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात म्हटले आहे, की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे समजायचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. शब्द इटलीपेक्षा कडक आहेत. पण त्या १५ दिवसांची मोजणी कोणी तिसरा करत नाही. ती सिद्ध करण्याचा भार पुन्हा विक्रेत्यावर, आणि सिद्ध करायचे तर आवक शिक्का हवा. शिवाय पुढचे काम ज्या कार्यालयाकडून हवे आहे, त्याच्यावर व्याजाचा दावा लावायला कोण धजणार?

अगदीच काही झाले नाही असे नाही. २ मार्च २०२२ रोजी केंद्र सरकारने आपल्या मंत्रालयांसाठी ई-बिल पद्धत सुरू केली. पुरवठादाराने डिजिटल सहीने बिल ऑनलाइन द्यायचे, ते कोणत्या टप्प्यावर आहे ते त्याला दिसायचे, आणि जे बिल आधी आले ते आधी काढायचे, हे तिचे तत्त्व. 'आधी आले ते आधी' ही तीन-चार शब्दांची अट मोठी आहे. कारकुनाच्या मर्जीच्या जागी ती रांग आणते. पण ही सोय केंद्रीय मंत्रालयांची. राज्याची कार्यालये, जिल्हा परिषदा, नगरपालिका, म्हणजे लहान पुरवठादाराचा रोजचा ग्राहक, तिच्या बाहेर आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले कंत्राटदार थकीत देयकांसाठी आंदोलन करत होते. निधी नसेल तर कोणतेही पोर्टल पैसे काढून देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण किती बिले, किती दिवसांची, कोणत्या कार्यालयात पडून आहेत, हे सरकार आणि पुरवठादार यांना एकाच नोंदवहीत दिसत असते, तर निदान आकड्यावरून वाद झाला नसता.

आणि यासाठी नवे काही शोधायची गरज नाही. प्रमाणित बिल आहे, प्रत्येक बिलाला क्रमांक आहे, १५ आणि ४५ दिवसांचा कायदा आहे. जीएसटीसाठी नोंदवलेले तेच बिल, त्याच क्षणी, खरेदीदार कार्यालयाच्या लेखा शाखेतही दाखल झाल्याचे धरायचे आणि तिथून दिवस मोजायचे, एवढीच जोडणी राहिली आहे. तिला खर्च फारसा नाही. अडचण अशी, की कर घ्यायला सरकारला तारीख हवी असते आणि देणे द्यायला ती नको असते.

गेल्या महिन्यात ते फर्निचरवाले गृहस्थ नव्या बिलाचा कागद घेऊन आले. ६४ अक्षरांचा क्रमांक, क्यूआर कोड, सारे जागच्या जागी होते. विचारू लागले, "आता हे द्यायला जाऊ ना?" मी म्हटले, "जा. पण दोन प्रती ने, आणि बारनिशीतला माणूस जागेवर असला तरच दे. तो जेवायला गेला असेल तर थांब. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नकोस."